फवारणी पंपाची बॅटरी : घेताना काय बघायचं, वर्षभर सांभाळायची कशी?

मिरज : पाऊस दोन दिवस उघडला, की मिरज तालुक्याच्या पूर्व भागात फवारणीची घाई सुरू होते. आरग, बेडग, मालगाव भागातल्या द्राक्षबागेत ब्लोअर आहे, पण चिखल झाला की ट्रॅक्टर आत शिरत नाही. पानमळ्यात, मिरची-टोमॅटोच्या प्लॉटमध्ये, हळदीवरच्या करप्याला आणि कसबे डिग्रज-दुधगावच्या पट्ट्यात उसातल्या तणनाशकाला पाठीवरचा बॅटरी पंपच लागतो. अशा वेळी अर्ध्या सरीत पंपाचा दाब पडला, तर नुसता वेळ जात नाही. ढगाळ हवेत केवडा एका रात्रीत पुढं सरकतो आणि औषध कालवून ठेवलेलं पाणी टाकीतच राहतं.

पंप बिघडला म्हणून दुकानात आलेल्या तक्रारींत मोटार जळाल्याच्या कमी आणि बॅटरी उतरल्याच्या जास्त असतात. यातल्या बऱ्याच बॅटऱ्या वापरून संपलेल्या नसतात. त्या उन्हाळाभर रिकाम्या पडून किंवा चुकीच्या चार्जरवर लावून खराब झालेल्या असतात. बॅटरी घेताना आणि नंतर काय बघायचं, ते पुढं दिलं आहे.

बॅटरीवरचे आकडे कसे वाचायचे?

दुकानात ‘बारा बाय आठ’ किंवा ‘बारा बाय बारा’ अशी मागणी होते. यातला पहिला आकडा व्होल्टचा. पंपाची मोटार १२ व्होल्टची असते, म्हणून बॅटरीही १२ व्होल्टचीच लागते. दुसरा आकडा अँपिअर-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा. टाकी १६ लिटरची की २० लिटरची, तसंच हे. बारा बाय बारा बसवली म्हणून दाब वाढत नाही, पंप जास्त वेळ चालतो एवढंच.

दाब मोटारीवर, नोझलवर आणि व्होल्टवर ठरतो. व्होल्ट खाली आले की मोटार मंदावते, थेंब जाड पडतात आणि औषध पानाच्या मागच्या बाजूला पोचत नाही. त्यामुळं उतरत आलेल्या बॅटरीवर ‘अजून दोन टाक्या निघतील’ म्हणून मारलेली फवारणी अनेकदा वाया जाते.

शिशाची घ्यावी की लिथियमची?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

*सीलबंद शिसं-आम्ल बॅटरी.* जुन्या-नव्या बहुतेक पंपांत हीच असते. आत २ व्होल्टचे सहा सेल असतात. बारा बाय आठचं वजन साधारण अडीच किलो, बारा बाय बाराचं त्याच्या दीडपट. किंमत कमी, दुरुस्तीवाला गावोगावी आणि जुनी दिली तर मोडीचे पैसे मिळतात. पण रिकामी ठेवलेली हिला अजिबात चालत नाही आणि दरवेळी पूर्ण उतरवली तर आयुष्य झपाट्यानं घटतं.

*साधी लिथियम-आयन बॅटरी.* मोबाईल-लॅपटॉपच्या जातीची. ३.७ व्होल्टच्या सेलचे तीन संच एकापुढं एक जोडून ११.१ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. वजन शिशाच्या निम्म्याहूनही कमी. पाठीवर १६ किलो पाणी असताना दीड किलो कमी होणं चार तासांनी खांद्याला कळतं.

*लिथियम फॉस्फेट बॅटरी.* ३.२ व्होल्टचे चार सेल, म्हणजे १२.८ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर १४.६ व्होल्ट. साध्या लिथियमपेक्षा थोडी जड, पण उष्णता जास्त सोसते, पेट घेण्याचा धोका कमी आणि टिकायला सगळ्यात चांगली. किंमत अर्थातच जास्त.

टिकण्याचा ढोबळ हिशेब असा : शिशाची बॅटरी दरवेळी पूर्ण उतरवली तर साधारण दोनशे वेळा चार्ज होते, निम्म्यावर आली की चार्ज केली तर त्याच्या दुप्पट. साधी लिथियम पाचशेच्या पुढं जाते, फॉस्फेटची चांगली बॅटरी दोन हजारांच्या आसपास.

वर्षातून दहा-पंधरा दिवसच पंप लागतो, त्यानं शिशाची घेतली तरी भागतं, फक्त रिकाम्या महिन्यांत ती चार्ज करत राहायची तयारी हवी. भाजीपाला किंवा पानमळा असलेल्यानं, आठवड्यातून दोन-तीनदा पंप पाठीवर घेणाऱ्यानं आणि मजुरीनं फवारणी करणाऱ्यानं लिथियमचा विचार करावा.

किती मोठी लागेल? घरीच हिशेब करा

दुकानदार ‘एका चार्जिंगला वीस टाक्या’ सांगतो. त्या कुठल्या नोझलनं, किती वेगावर, हे सांगत नाही. त्यापेक्षा आपल्याच शेतात मोजलेलं बरं.

एक टाकी नुसतं पाणी भरा, नेहमीचं नोझल लावा आणि रिकामी व्हायला किती मिनिटं लागतात ते बघा. मोटार किती अँपिअर ओढते ते मोटारीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. समजा मोटार अडीच अँपिअर ओढते आणि टाकीला १५ मिनिटं लागली. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, म्हणून एका टाकीला ०.६ अँपिअर-अवरपेक्षा थोडी जास्त वीज गेली.

आता बॅटरीतली सगळी वीज वापरायची नसते. शिशाच्या बॅटरीतली ७० टक्के धरा, लिथियममधली ९० टक्के. मग :

- शिशाची बारा बाय आठ : साधारण ९ टाक्या
- शिशाची बारा बाय बारा : साधारण १३ टाक्या
- लिथियम बारा बाय आठ : साधारण ११ टाक्या

वाढलेल्या भाजीपाल्याला एकरी दीडशे ते दोनशे लिटर पाणी धरलं, तर १६ लिटरच्या दहा-बारा टाक्या होतात. म्हणजे या मोटारीवर शिशाची बारा बाय आठ एकर पुरा व्हायच्या आधीच दम टाकणार. डबल मोटारीचा पंप असेल तर अँपिअर जवळपास दुप्पट धरावेत.

मोठी बॅटरी घ्यायच्या आधी पंपाचा खालचा डबा मोजून घ्या. बारा बाय बारा आकारानं मोठी असते, प्रत्येक पंपात बसत नाही. कोंबून बसवली तर वायर दाबली जाते आणि तिथंच शॉर्ट होतो.

दुकानात तपासायच्या गोष्टी

१. *बनल्याची तारीख.* शिशाची बॅटरी दुकानात पडून पडूनही उतरते. सहा महिन्यांहून जुनी आणि मधे चार्ज न केलेली असेल तर दुसरी मागा.

२. *व्होल्ट.* दुकानदाराकडं मीटर असतोच. नवी शिशाची बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. १२.४ च्या खाली असेल तर ती पडून राहिलेली आहे.

३. *वजन.* शिशाच्या बॅटरीत वजन म्हणजे शिसं. दोन कंपन्यांच्या बारा बाय आठ हातात घेऊन बघा. एक फारच हलकी लागली तर आत पत्रे कमी आहेत.

४. *लिथियममधले सेल.* बोटाएवढ्या गोल सेलमध्ये, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, साधारण २ ते २.६ अँपिअर-अवर मावतात. तीन सेल मिळून एक ओळ. ८ अँपिअर-अवर हवे असतील तर किमान तीन-चार ओळी, म्हणजे ९ ते १२ सेल लागतात. सहा सेलच्या पॅकवर ‘१२ एएच’ छापलेलं असेल तर तो आकडा खरा नाही.

५. *संरक्षण पट्टी.* लिथियम पॅकमध्ये बीएमएस नावाची छोटी सर्किट पट्टी असावीच लागते. जास्त चार्ज, जास्त उतरणं आणि शॉर्ट या तिन्ही वेळी ती बॅटरी तोडते. पट्टी नसलेला पॅक फुकट मिळाला तरी घेऊ नये. पॅकवर बीआयएसचा शिक्का आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आहे का, तेही बघा.

६. *पक्कं बिल.* पंपाची गॅरंटी वेगळी आणि बॅटरीची वेगळी असते. कार्डवर तारीख आणि शिक्का मारून घ्या. महाडीबीटीवरून अनुदानात पंप मिळाला असेल तरी बॅटरीची गॅरंटी कोण देणार, हे पंप ताब्यात घेतानाच लिहून घ्यावं. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

चार्जर बदलला की बॅटरी गेली

बॅटरी बदलताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. शिशाची बॅटरी काढून लिथियम बसवली जाते आणि चार्जर मात्र जुनाच राहतो. पिन बसते, लाल दिवा लागतो, म्हणून सगळं ठीक वाटतं.

शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास चढतो. साध्या लिथियमला १२.६ च्या वर एक थेंबही चालत नाही. अशा वेळी आतली संरक्षण पट्टी तेवढी मधे उभी असते. ती बिघडली तर पॅक फुगतो, तापतो, प्रसंगी पेटतो. लिथियम फॉस्फेटचा चार्जर १४.६ व्होल्टचा. तो साध्या लिथियमला लावला तरी तोच धोका. उलट १२.६ चा चार्जर शिशाच्या बॅटरीला लावला तर ती कधीच पूर्ण भरत नाही आणि हळूहळू मरते.

त्यामुळं चार्जरवर मागच्या बाजूला छापलेला ‘आउटपुट’ आकडा वाचायची सवय लावा. घरात दोन-तीन चार्जर असतील तर प्रत्येकावर रंगीत टेप लावून ठेवा आणि त्याच रंगाची टेप बॅटरीवर.

चार्जिंगला किती वेळ लागतो, तेही त्याच आकड्यावरून निघतं. ८ अँपिअर-अवरची पूर्ण उतरलेली बॅटरी १ अँपिअरच्या चार्जरवर नऊ-दहा तास घेते. १.७ अँपिअरच्या चार्जरवर पाच-सहा तास. लवकर व्हावं म्हणून ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या बॅटरीवरून थेट वायर जोडू नये. तिथून येणाऱ्या करंटला आवर नसतो.

सोलर पॅनलचंही तसंच. ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं पॅनल उन्हात मोकळं असताना २० ते २२ व्होल्ट देतं. मधे बॅटरीला जुळणारा चार्ज कंट्रोलर नसेल तर थेट जोडणी करू नका.

फवारणीच्या दिवसांतली शिस्त

- पंपाचा आवाज बदलला, फवारा आखूड झाला की थांबा. शिशाची बॅटरी पार बंद पडेपर्यंत ओढू नका.
- घरी आल्यावर शिशाची बॅटरी त्याच दिवशी चार्जिंगला लावा. ‘उद्या लावू’ म्हणत आठवडा जातो आणि तेवढ्यात आतल्या पत्र्यांवर कडक थर धरायला लागतो.
- उन्हात तापलेली बॅटरी लगेच लावू नका. अर्धा तास सावलीत गार होऊ द्या.
- पंप उन्हात बांधावर ठेवू नका, पोत्याखाली किंवा झाडाखाली ठेवा.
- वेग कमी-जास्त करायचं बटण असेल तर तणनाशकाला वेग कमी ठेवा. औषध वाऱ्यावर उडत नाही आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते.
- फवारणी झाली की टाकीत स्वच्छ पाणी घालून दोन मिनिटं पंप चालवा. गाळणी आणि नोझल चोंदलं की मोटारीवर ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते.
- बॅटरीच्या पिनांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वायर काढून कोरड्या ब्रशनं घासा आणि व्हॅसलिनचा पातळ हात द्या.
- फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. फ्यूजच्या जागी तार वळवली की पुढच्या शॉर्टमध्ये वायरिंगच जळतं.

बिनकामाचे महिने : बॅटरी इथंच मरते

हळद निघाली, बागेची काढणी झाली, की मार्च ते मे पंप गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जातो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या जवळ असतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णता वाढेल तशी बॅटरी पडल्या पडल्या जास्त वेगानं उतरते. शिशाच्या बॅटरीचं तापमान सतत आठ-दहा अंशांनी जास्त राहिलं तर तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

इथं शिशाचा आणि लिथियमचा नियम उलटा आहे, तो लक्षात ठेवावा :

*शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा.* उन्हाळ्यात दर महिन्याला एकदा पुन्हा चार्ज करा. वीजबिलाची किंवा अमावास्येची तारीख धरली तर विसर पडत नाही.

*लिथियम बॅटरी अर्धी भरून ठेवा.* काठोकाठ भरून महिनोन्महिने ठेवली तर ती आतून थकते आणि रिकामी ठेवली तर पार खाली जाऊन परत उठत नाही. साध्या लिथियमचा मीटर ११.१ ते ११.४ च्या दरम्यान असावा. दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा.

दोन्ही बॅटऱ्या पंपातून वायर सोडवून, घरात गार आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. बटण बंद असलं तरी काही पंपांतला व्होल्टमीटर किंवा दिवा थोडी थोडी वीज खात राहतो. मृग निघायच्या आठ दिवस आधी एकदा पूर्ण चार्ज करून, टाकीत पाणी भरून पंप चालवून बघा. बॅटरी बदलायची असेल तर ती गर्दीच्या आधी कळलेली बरी.

बॅटरी गेली की दुसरंच काही?

दोन-अडीचशे रुपयांत साधा मीटर मिळतो. तो घरात असला तर अंदाजानं नवी बॅटरी आणावी लागत नाही. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून तीन-चार तास ठेवा आणि मग मोजा.

- १२.७ किंवा जास्त : बॅटरी भरलेली आहे.
- १२.२ च्या आसपास : निम्मीच भरली आहे. चार्जर तपासा.
- १०.५ च्या जवळ अडकलेली : सहापैकी एक सेल गेला. बदलावी लागणार.

आकडा चांगला असूनही पंप चालत नसेल तर पाण्यावर पंप सुरू करून पुन्हा मोजा. चालू असताना १२ च्या जवळ राहिली तर बॅटरी ठीक आहे. दोष मोटारीत, बटणात, वायरमध्ये किंवा चोंदलेल्या नोझलमध्ये आहे. दोन मिनिटांत ११ च्या खाली घसरली तर बॅटरीत दम उरलेला नाही.

चार्जरला लावल्या लावल्या हिरवा दिवा लागतो आणि पंप पाच मिनिटंच चालतो, हेही बॅटरी संपल्याचंच लक्षण. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून पाणी घालण्याचा उपाय काहीजण करतात. त्यानं फार तर चार दिवस निघतात, पण आतलं आम्ल अंगावर आणि पंपात सांडायचा धोका असतो. फुगलेली बॅटरी, शिशाची असो की लिथियमची, परत वापरू नये.

हात धुतल्याशिवाय बॅटरीला हात नको

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तेव्हापासून हातमोजे-मास्कबद्दल बोललं जातं, पण अर्ध्या शेतात पंप बंद पडला की माणूस तेच ओले मोजे काढून उघड्या हातानं खालचा डबा खोलतो. डब्याला, वायरींना, बॅटरीला औषध लागलेलं असतं. तीच बॅटरी मग घरात, चुलीजवळ किंवा पलंगाशेजारी चार्जिंगला लागते. म्हणून बॅटरी काढण्याआधी पंप बाहेरून धुवा, हात साबणानं धुवा आणि बॅटरी फडक्यानं पुसून मगच घरात आणा. ते फडकं वेगळं ठेवा.

चार्जिंगची जागा फरशीची किंवा सिमेंटची, हवेशीर आणि मुलांच्या हाताबाहेरची असावी. गादी, कडबा, पेट्रोलची गाडी आणि औषधांचं कपाट यांच्यापासून लांब. शिशाची बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू थोडा बाहेर पडतो, म्हणून बंद पेटीत चार्ज करू नका. लिथियम पॅक रात्रभर लावून झोपू नका. पॅकमधून फुसफुस आवाज, गोड-उग्र वास किंवा धूर आला तर मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा, धूर नाकात जाऊ देऊ नका. वीज तोडल्यावर लांबूनच भरपूर पाणी मारा आणि ११२ ला फोन करा. आम्ल डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

जुनी बॅटरी कुठं द्यायची?

शिशाच्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतं आणि शिशाला भाव आहे. नवी घेताना जुनी दुकानात दिली तर तेवढी रक्कम बिलातून वजा करून मागा. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. हे नियम लिथियमलाही लागू आहेत.

घरी फोडून शिसं काढणं, आम्ल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतणं, बॅटरी उकिरड्यावर टाकणं हे तिन्ही टाळा. शिसं मातीत गेलं की तिथंच राहतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. लिथियम पॅक भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्याआधी दोन्ही पिनांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे वाटेत शॉर्ट होऊन पेटणार नाही.

थोडक्यात, भिंतीवर लावायला

- चार्जर आणि बॅटरी एकाच जातीची.
- शिशाची भरून ठेवा, लिथियम अर्धी ठेवा.
- उन्हाळ्यात शिशाची महिन्यातून एकदा चार्जिंगला.
- दाब पडला की फवारणी थांबवा.
- फुगली की बदला.
- आधी हात धुवा, मग बॅटरी काढा.